पाकिटावरची वनस्पती

खाद्यपदार्थांच्या पाकिटावर ‘प्लांट-बेस्ड’, म्हणजे वनस्पतीजन्य, असे दर्शनी भागावर ठळक अक्षरांत छापण्याची पद्धत भारतात साधारणपणे २०२० नंतर फोफावली आणि आज मोठ्या शहरांतील दुकानांत दूध, दही, चीज, कबाब, खिमा, नगेट्स, अंड्याचा पर्याय अशा नाना वस्तूंवर हा शिक्का दिसतो. वरवर पाहता या शब्दाचा अर्थ सरळ आहे, कारण ज्या पदार्थासाठी लोक आजवर प्राण्यांवर अवलंबून होते तो पदार्थ डाळी, धान्ये, तेलबिया किंवा सुकामेवा यांपासून तयार केला आहे, एवढेच त्यातून सांगायचे असते. परंतु महाराष्ट्राच्या बाजारपेठेचा मागील शंभरेक वर्षांचा इतिहास पाहिला, तर प्राणिजन्य पदार्थाच्या जागी वनस्पती घालण्याचा उद्योग येथे मुळीच नवा नसल्याचे आढळते. पूर्वी ही गोष्ट शक्यतो बारीक अक्षरांत सांगितली जाई आणि आता ती मोठ्या अक्षरांत मिरवली जाते, हा बदल मात्र नवा असून अक्षरांचा आकार कशावर ठरतो, हे तपासण्यासारखे आहे.

या शिक्क्याखाली विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मालाचा आरंभ ज्या शेतात होतो, ते शेत बुलढाणा जिल्ह्यात सहज सापडते. लोणार तालुक्यातील बीबी आणि तिच्या परिसरातील गावांत, तसेच मेहकर, चिखली, सिंदखेडराजा या आसपासच्या तालुक्यांत, खरिपातील प्रमुख पीक आज सोयाबीन आहे. एके काळी या भागात कपाशी, ज्वारी, मूग आणि उडीद यांना जे स्थान होते, त्याचा मोठा वाटा गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनने घेतला, कारण हे पीक सुमारे शंभर दिवसांत हाती येते, त्यानंतर त्याच जमिनीत हरभरा घेता येतो आणि दिवाळीच्या आसपास घरात रोख रक्कम येते. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल असते. प्रथिनांचे हे प्रमाण तूर, हरभरा किंवा मुगाच्या जवळपास दुप्पट भरते. असे असूनही ज्या गावांत ते पिकते तेथील ताटात सोयाबीनला डाळीचा मान कधी मिळाला नाही. कच्च्या दाण्यात प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात, ते नष्ट करण्यासाठी दाणा नीट शिजवावा किंवा भाजावा लागतो, शिवाय त्याला एक उग्र वास असतो. त्यामुळे गव्हासोबत थोडे सोयाबीन दळून आणणे, यापलीकडे घरगुती स्वयंपाकात त्याचा वापर फारसा गेला नाही. पिठले, वरण आणि भाकरी यांवर वाढलेल्या या प्रदेशाने सोयाबीनकडे विकण्याचे पीक म्हणूनच पाहिले.

बाजार समितीत किंवा खेडा खरेदीत विकले गेलेले हे सोयाबीन पुढे तेलगिरणीत जाते. तेथे दाणे दाबून त्यांचे पातळ पापुद्रे करतात आणि हेक्झेन नावाच्या द्रावकाने त्यांतील तेल विरघळवून काढून घेतात, नंतर द्रावक उडवून लावला जातो आणि मागे जी तेलविरहित पेंड उरते तिला व्यापारात ‘डीओसी’ म्हणतात. १०० किलो सोयाबीनमधून साधारणपणे १८ किलो तेल निघते, तर पेंड ८० किलोच्या आसपास मिळते, म्हणजे वजनाच्या हिशेबाने पाहता गिरणीचा मुख्य माल पेंड हाच आहे. या पेंडीचा देशांतर्गत वापर प्रामुख्याने कोंबड्यांच्या खाद्यात होतो. लोणार तालुक्यातील सोयाबीनचे प्रथिन ज्या वाटेने सर्वाधिक प्रमाणात माणसाच्या पोटात जाते ती वाट अंडी आणि चिकन यांची आहे, आणि त्या अंड्यांवर ‘वनस्पतीजन्य’ असे कोणी लिहीत नाही, लिहूही शकत नाही.

पेंडीचा जो लहान भाग थेट माणसांसाठी वापरला जातो त्यातून सोयावड्या तयार होतात. खाण्यायोग्य दर्जाच्या तेलविरहित सोयापिठात पाणी मिसळून ते पीठ एक्स्ट्रुडर या यंत्रात उष्णता आणि दाब देऊन पुढे ढकलले जाते. अरुंद तोंडातून ते बाहेर पडताक्षणी दाब एकदम कमी होऊन आतील पाण्याची वाफ होते, त्यामुळे पीठ फुगते आणि त्याला सच्छिद्र, तंतुमय पोत येतो. सुक्या सोयावडीत प्रथिनांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते. खेड्यातील किराणा दुकानांपासून वसतिगृहांच्या भोजनगृहांपर्यंत ही वडी कित्येक वर्षे विकली आणि खाल्ली जात आहे. मटणाला पर्याय म्हणून ती रश्श्यात पडते, तरीही तिची ओळख गरिबाघरचे स्वस्त प्रथिन अशीच राहिली.

शहरातील शीतपेटीत ठेवलेला वनस्पतीजन्य कबाब या वडीचा जवळचा नातलग आहे. त्यात सोयापिठाऐवजी बहुधा सोया किंवा वाटाण्याचे ‘आयसोलेट’ वापरतात, म्हणजे पीठ आणखी शुद्ध करून सुमारे ९० टक्के प्रथिन उरेल असा केलेला घटक. मांसाच्या धाग्यांसारखा पोत यावा म्हणून एक्स्ट्रुडरमध्ये पाण्याचे प्रमाण वाढवून मिश्रण सावकाश थंड करतात. चरबीची जागा नारळाचे किंवा अन्य तेल घेते, घटक एकत्र बांधून राहावेत यासाठी मिथाइल सेल्युलोजसारखा पदार्थ मिसळतात आणि वास-चवीसाठी यीस्टचा अर्क, मसाले व स्वादद्रव्ये घालतात. यंत्रविद्या पुढे गेलेली आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु किलोमागे किमतीत जो कित्येक पटींचा फरक पडतो त्यातील किती वाटा यंत्राचा, किती शीतसाखळीचा आणि किती पाकिटावरील शब्दांचा, हे ग्राहकाला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला ५३ रुपयांच्या आसपास, जाहीर झालेली आहे आणि खुल्या बाजारात शेतकऱ्याला अनेकदा तेवढीही मिळत नाही.

वनस्पतीच्या अशा वेषांतराचा महाराष्ट्रातील सर्वांत जुना आणि सर्वांत यशस्वी नमुना म्हणजे डालडा. द्रवरूप वनस्पती तेलात उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन वायू मिसळला असता ते तेल तुपासारखे घट्ट होते, या क्रियेला हायड्रोजनीकरण म्हणतात. लिव्हर समूहाच्या हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने मुंबईत शिवडी येथे १९३२ साली अशा घट्ट तेलाचा कारखाना सुरू केला आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव बाजारात आणले. पिवळ्या डब्यावर ताडाचे झाड होते, म्हणजे वनस्पती चित्रात उघडपणे दाखवलेली होती. तरी विक्रीचा सारा भर पदार्थ तुपासारखा दिसतो, तुपासारखा कणीदार आहे आणि तुपापेक्षा स्वस्त आहे यावरच राहिला. लोकांच्या बोलण्यात तो ‘वनस्पती तूप’ झाला आणि लग्नकार्यांत सर्रास वापरला जाऊ लागला.

वादही त्याच साम्यावरून पेटला. डालडा तुपात बेमालूम मिसळता येई, त्यामुळे तूपविक्रेते, गोरक्षणवादी आणि आहारशुद्धीचे पुरस्कर्ते एकत्र आले आणि १९५० साली ‘वनस्पती’च्या, म्हणजे अशा घट्ट केलेल्या तेलाच्या, उत्पादनावर व विक्रीवर बंदी घालण्याचे विधेयक संसदेत मांडले गेले. बंदी आली नाही. तिच्याऐवजी एक चतुर उपाय टिकला. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल मिसळणे उत्पादकांना बंधनकारक झाले, कारण तिळाच्या तेलातील एक घटक विशिष्ट रसायनांच्या सान्निध्यात गुलाबी-लालसर रंग देतो आणि तुपात वनस्पतीची भेसळ असल्यास प्रयोगशाळेत ती लगेच उघडी पडते. शिक्का डब्यावर लावण्याऐवजी थेट पदार्थाच्या पोटात घालण्याचा हा प्रकार भारतीय अन्नकायद्याच्या इतिहासातील बहुधा सर्वांत हुशार लेबल म्हणावा लागेल. वनस्पतीचा खरा दोष मात्र त्या काळच्या वादात कोणाच्या ध्यानी आला नव्हता. अर्धवट हायड्रोजनीकरणात तयार होणारी ट्रान्स मेदाम्ले हृदयाला घातक असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि भारतात तेल-चरबीतील त्यांची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के व जानेवारी २०२२ पासून २ टक्के करण्यात आली. पदार्थ वनस्पतीपासून झाला म्हणून तो आपोआप आरोग्याला हितकर ठरत नाही, याचे याहून मोठे उदाहरण देशात दुसरे नाही.

बारीक अक्षरांची हीच परंपरा पुढे आइस्क्रीमच्या शीतपेटीत दिसते. ज्यात दुधाची स्निग्धता असते ते आइस्क्रीम आणि ज्यात तिच्या जागी वनस्पती तेल वापरलेले असते ते ‘फ्रोझन डेझर्ट’, असा भेद कायदा करतो. दुकानात मात्र दोन्ही एकाच रंगरूपात शेजारी-शेजारी असतात आणि कोनावरील ते दोन शब्द शोधूनच वाचावे लागतात. अमूलची विक्री करणाऱ्या गुजरात सहकारी दूध विपणन महासंघाने २०१७ मध्ये या भेदावर बोट ठेवणाऱ्या जाहिराती दाखवल्या, तेव्हा हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि फ्रोझन डेझर्टची बदनामी करणाऱ्या त्या जाहिरातींना न्यायालयाने त्याच वर्षी जूनमध्ये मनाई केली. कंपनीचे म्हणणे असे होते, की तिच्या उत्पादनात वनस्पती तेल असते, ‘वनस्पती’ नसते. ज्या समूहाने देशाला डालडा दिला, त्याच समूहाच्या कंपनीवर आठ दशकांनंतर हा खुलासा करण्याची वेळ यावी, यात थोडा काव्यगत न्याय दिसतो.

पनीरचा प्रश्न याहून ताजा आणि सामान्य माणसाच्या अधिक जवळचा आहे. दुधातील स्निग्धांश काढून त्याजागी पामतेलासारखे स्वस्त तेल घालून केलेल्या पदार्थाला कायद्याच्या भाषेत ‘अॅनालॉग’ म्हणतात, म्हणजे जो दुग्धजन्य पदार्थासारखा दिसतो आणि वागतो, परंतु ज्यातील दुधाचे काही किंवा सर्व घटक दुधाबाहेरून आलेले असतात असा पदार्थ. तसे स्पष्ट लिहून तो विकणे बेकायदा नाही. तो पनीर म्हणून विकणे बेकायदा आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी असे पनीर थेट विधानसभेत आणून दाखवले आणि राज्यभर हा विषय चर्चेत आला. सुट्या पनीरला पाकीट नसते, हॉटेलातील भाजीला तर लेबलच नसते, त्यामुळे महामार्गावरील ढाब्यात पनीर मसाला मागवणाऱ्या प्रवाशासाठी लेबलचे सारे नियम निरर्थक ठरतात. नागपूर–जालना मार्गावर अशा ढाब्यांची वाण नाही.

म्हणजे डालडा, फ्रोझन डेझर्ट आणि अॅनालॉग पनीर हे तिन्ही पदार्थ अंशतः किंवा पूर्णतः वनस्पतीजन्यच आहेत, आणि त्यांपैकी एकावरही तो शब्द अभिमानाने मिरवला गेला नाही, कारण हे पदार्थ मूळ पदार्थापेक्षा स्वस्त होते आणि स्वस्त पर्यायाला मूळ पदार्थासारखे दिसण्यातच फायदा असतो. ज्या क्षणी पर्याय मूळ पदार्थापेक्षा महाग झाला, त्या क्षणी वेगळेपण हेच विकण्याचे भांडवल बनले. बदामाचे किंवा ओटचे पेय म्हशीच्या दुधापेक्षा कितीतरी महाग पडते, म्हणून त्याचे वनस्पतीजन्य असणे पाकिटाच्या मधोमध येते. लेबलवरील अक्षरांचा आकार पदार्थाच्या घडणीपेक्षा त्याच्या किमतीवर आणि तो घेणाऱ्या वर्गावर ठरतो, हा या साऱ्या घडामोडींतून निघणारा निष्कर्ष टाळता येत नाही.

मोठ्या अक्षरांची लाट बाहेरून आली. प्राणिजन्य पदार्थ पूर्णपणे वर्ज्य करणाऱ्यांसाठी ‘व्हीगन’ हा शब्द डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली इंग्लंडमध्ये रूढ केला. तो तत्त्वनिष्ठेचा शब्द होता. ‘प्लांट-बेस्ड’ हा शब्दप्रयोग अमेरिकी आहारशास्त्रज्ञ टी. कॉलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या सुमारास वापरात आणला, तो मुद्दाम सौम्य होता. त्यात प्राण्यांविषयीची नैतिक भूमिका गृहीत धरलेली नव्हती. विक्रेत्यांना पुढे नेमका हाच सौम्यपणा उपयोगी पडला, कारण व्हीगन म्हणताच जो ग्राहक बिचकतो तो वनस्पतीजन्य म्हटल्यावर बिचकत नाही. अमेरिकेत बियॉण्ड मीट या कंपनीचा समभाग मे २०१९ मध्ये २५ डॉलरने विक्रीस आला, तीन महिन्यांच्या आत २३० डॉलरच्या पुढे गेला आणि नंतरच्या काही वर्षांत १० डॉलरच्याही खाली घसरला. भारतात ही लाट त्या उसळीनंतर पोहोचली. सप्टेंबर २०२१ मध्ये अभिनेते रितेश देशमुख आणि जेनेलिया देशमुख यांनी ‘इमॅजिन मीट्स’ ही वनस्पतीजन्य मांसपर्यायांची कंपनी सुरू केली. रितेश देशमुख ज्या लातूरचे, ते लातूर राज्यातील सोयाबीनच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे. त्याच सुमारास टाटा, आयटीसी यांसारखे मोठे समूहही या व्यवसायात उतरले.

भारतात मात्र या शिक्क्यापुढे एक अडचण आधीच उभी होती. शाकाहारासाठी हिरवा ठिपका आणि मांसाहारासाठी तपकिरी चिन्ह छापण्याची सक्ती येथे २००१-०२ पासून आहे. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी मांसाहाराच्या चौकटीतील वर्तुळाच्या जागी त्रिकोण आणला, जेणेकरून रंग ओळखू न शकणाऱ्यांनाही फरक कळावा. या नियमांत दूध, दुग्धजन्य पदार्थ आणि मध यांना मांसाहारातून वगळलेले आहे, त्यामुळे पेढा, तूप आणि श्रीखंड यांवर हिरवा ठिपकाच असतो. माळकरी कुटुंबांना, आणि शेगावची वारी करणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यात ती पुष्कळ आहेत, एवढा ठिपका पुरतो. प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्यांना तो पुरत नाही. त्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, जून २०२२ मध्ये व्हीगन अन्नपदार्थांचे स्वतंत्र नियम लागू केले. त्यांनुसार अशा पदार्थात दूध, मध, अंडी, जिलेटिन यांपैकी काहीही चालत नाही. प्रक्रियेत साहाय्यक म्हणूनही प्राणिजन्य द्रव्य वापरता येत नाही. पदार्थासाठी प्राण्यांवर चाचणी झालेली नसावी लागते आणि हिरव्या ‘व्ही’ अक्षराचे चिन्ह छापण्यापूर्वी प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. म्हणजे ठिपक्याला व्याख्या आहे, ‘व्ही’लाही कडक व्याख्या आहे, या दोहोंच्या मध्ये वावरणाऱ्या ‘प्लांट-बेस्ड’ या शब्दाला तशी काटेकोर चौकट नाही आणि विक्रीसाठी सर्वाधिक वापरला जातो तो हाच.

याच पोकळीत दुधाच्या नावाचा वाद उभा राहिला. कायद्यानुसार दूध हा सस्तन प्राण्याच्या स्तनग्रंथींतून येणारा स्राव आहे, म्हणून सोया, ओट किंवा बदामाच्या पेयांना दूध म्हणू नये, असा पवित्रा एफएसएसएआयने २०२१ मध्ये घेतला आणि ऑनलाइन विक्रेत्यांना तशी उत्पादने हटवण्यास सांगितले. काही कंपन्यांनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षी पेटा इंडिया या प्राणिहक्क संस्थेने अमूलला वनस्पतीजन्य दुधाकडे वळण्याचा सल्ला दिल्यावर दुग्धव्यवसायातून संतप्त प्रतिक्रिया उमटल्या. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जर्मनीतील टोफूटाउन कंपनीच्या प्रकरणात १४ जून २०१७ रोजी दूध, लोणी, चीज ही नावे वनस्पतीजन्य मालाला वर्ज्य ठरवली होती, तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२३ च्या मसुद्यात ‘सोया मिल्क’ म्हणण्यास हरकत घेतली नाही, पोषणातील फरक सांगावा एवढीच सूचना केली. नारळाच्या दुधाला बहुतेक ठिकाणी सवलत आहे, कारण त्या नावाने कोणाचीही फसगत होत नाही. दोन भूमिकांपैकी अमेरिकेची अधिक उपयोगाची वाटते, कारण ग्राहकाची खरी हानी नावात नसून पोषणाच्या गैरसमजात आहे: १०० मिलिलिटर गायीच्या दुधात सुमारे ३ ग्रॅम प्रथिने असतात, चांगल्या सोया पेयात जवळपास तेवढीच मिळतात, बदामाच्या पेयात मात्र ती बहुतेक वेळा १ ग्रॅमपेक्षाही कमी भरतात. लहान मुलाला दुधाऐवजी बदामाचे पेय देणाऱ्या पालकाला हा आकडा ठाऊक असणे दूध या शब्दावरील हक्काच्या लढाईपेक्षा महत्त्वाचे आहे.

व्याख्येविना चालणाऱ्या शिक्क्यांची सवय महाराष्ट्राला आहेच, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते. ‘उपवासाचा चिवडा’ हे लेबल घराघरांत मान्य आहे, त्याला कोणत्याही अन्ननियमात व्याख्या नाही, आणि एका घरी चालणारा घटक दुसऱ्या घरी उपवासाला चालत नाही. तेथे समाजाची रूढी नियमाचे काम करते. नव्या शिक्क्यामागे अशी रूढी नाही, म्हणून त्याला नियम हवा: वनस्पतीजन्य म्हणवणाऱ्या पदार्थात प्राणिजन्य घटक अजिबात चालत नाही की थोडा चालतो, आणि ज्या डाळीचे किंवा बदामाचे चित्र छापले आहे त्या घटकाचे प्रमाण किमान किती असावे, हे एफएसएसएआयने स्पष्ट केले पाहिजे.

तोवर हाती असलेल्या तरतुदीही कमी नाहीत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणून यादीत पहिले नाव पाण्याचे आणि दुसरे साखरेचे असेल तर पाकिटावरील बदामांच्या चित्राला फारसा अर्थ उरत नाही. शिवाय ज्या घटकाचा शब्दांनी किंवा चित्राने गाजावाजा केला आहे त्याची टक्केवारी छापणे बंधनकारक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये असेही सांगितले, की ई-६३१ यासारख्या सांकेतिक क्रमांकाने दिलेल्या घटकाचा उगम वनस्पतीचा आहे की प्राण्याचा, हे उत्पादकाने उघड केले पाहिजे. प्रत्येक पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो. पनीर, मिठाई किंवा कबाब यांच्या लेबलबद्दल शंका आल्यास तो क्रमांक, खरेदीची पावती आणि पाकीट जपून ठेवावे आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, बीबीकरांसाठी ते बुलढाण्यात आहे, लेखी तक्रार करावी.